ओलं लाकूड

उष्माघातानं बायको गेली, तेव्हापासून सुतार घरी फिरकलाच नव्हता, वर्कशॉपमध्येच झोपायचा. ऊन दरवर्षी वाढत चाललं होतं आणि घराच्या गल्लीत सावली होती ती एकच, तिनं दारात लावून वाढवलेल्या झाडाची.

एके दिवशी धाकटा भाऊ टेम्पोतून फळ्या घेऊन आला.

"दादा, वहिनीच्या आठवणीला एक बाक कर."

"करतो की! तिच्या झाडाखालीच ठेवू. उन्हातून आलेलं माणूस घटकाभर टेकेल." सुतारानं फळीवर हात फिरवला. "पण लाकूड ओलं आहे रे. वखारवाल्यानं गंडवलं तुला."

"चालवून घे," भाऊ खाली बघत म्हणाला.

सुतारानं जीव ओतून बाक केला. कितीतरी दिवसांनी त्याला जेवण गोड लागलं.

बाक घेऊन दोघं घरी आले. दारात रखरखीत ऊन होतं, जमिनीलगत नुसता बुंधा उरला होता आणि छपरावर नवीकोरी सोलर पॅनेलं चमकत होती.

"सावली पडत होती त्यांच्यावर," भाऊ म्हणाला.

 

"पण दादा, वहिनीच्या झाडाची एक फळीसुद्धा वाया जाऊ दिली नाही मी."