रोजचं कुंकू

चिमाबाई सत्तरीत भ्रमल्यासारखं करू लागल्या, तेव्हा बोरी गावात सगळ्यांनी ते म्हातारपणावर ढकललं. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र निदान केलं: ल्युपस आहे, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार; मेंदूपर्यंत पोचलाय, औषधांनी भान परत येईल. घरातल्यांना हायसं वाटलं. सून साधनानं मात्र डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं, "सगळंच आठवेल का त्यांना?"

"हे कुठं गेलेत गं?" चिमाबाई रोज सकाळी नवऱ्याची चौकशी करायच्या.

"मामा मळ्यात गेल्यात, आत्या. येतील," म्हणत साधना त्यांच्या कपाळाला कुंकू लावायची.

औषधं सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी एका सकाळी चिमाबाईंनी काहीच विचारलं नाही. साधनानं कुंकवाचं बोट कपाळाशी नेलं, तसा त्यांनी तिचा हात धरला.

 

"राहू दे, पोरी. त्या दिशी अंगणात तिरडी बांधत व्हते, ती ह्यांचीच ना?"