खिडकीबाहेरच्या खुणा

ब्रोकन हिलच्या बुद्धिबळ स्पर्धेत पंच मीच होतो. सिडनीहून आलेला एकवीसशे रेटिंगचा लॉकलन आमच्या तेराशेच्या डेझलीबाईंसमोर घामाघूम झाला होता.

"साहेब, बाईंचा नवरा बाहेरून खुणा करतोय," तो माझ्या कानाशी कुजबुजला. "त्याने डावीकडे हात केला म्हणून मी सगळी मोहरी डावीकडे आणली, तर बाई उजवीकडून घुसल्या."

खिडकीबाहेर बाईंचा नवरा मर्व्ह सॉसेज भाजत होता. हात खरंच हलत होता.

"जा, जवळून बघून ये," मी म्हणालो.

तो दाराबाहेर पडला आणि माश्यांनी त्याला घेरलं. तोंडापुढे दोन्ही हात नाचवत तो तिथेच उभा राहिला.

डेझलीबाईंनी पटावरून मान वर करून मला विचारलं.

"वॉली, हा कुणाला खुणा करतोय रे?"