हाताजोगती मूठ

मंगळवारी सकाळी साडेदहाला व्हर्लिन साइझमोरने ग्लेंडाच्या बंदुकांच्या दुकानातल्या काचेच्या काउंटरवर बायकोचं रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि त्याची मूठ बदलून मागितली. रिव्हॉल्व्हर रिकामं होतं. ग्लेंडाने तरीही गोळ्यांची चक्री बाहेर काढून पाचही घरं उजेडाला धरून पाहिली. पाद्रीबुवांनी आणलं असतं तरी तिने तेच केलं असतं.

व्हर्लिनच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. टाकी चाकांच्या गाड्यावर मागे उभी. कोळशाच्या खाणीने त्याच्या फुफ्फुसांत काही शिल्लक ठेवलं नव्हतं. डॉक्टरांनी पानगळीपर्यंतची मुदत दिली होती आणि हे त्याने आत येता येताच, हवापाण्याविषयी बोलावं तसं सांगून टाकलं. घर दरीच्या टोकाला, हाकेच्या अंतरावर कोणी नाही. मागच्या महिन्यात खालच्या वळणावरच्या एका विधवेच्या घरात नशेची औषधं शोधत कोणीतरी शिरलं होतं. आपण गेल्यावर बायकोला, ओनेटाला, त्या घरात एकटीने निर्धास्त राहता यावं, एवढंच आता त्याला हवं होतं. म्हणून हे रिव्हॉल्व्हर. छोटं, हलकं, ॲप्रनच्या खिशात मावणारं. बायकोसाठी सगळे नवरे हेच घेतात. जितकं हलकं तितका हाताला धक्का जास्त, हे ग्लेंडा प्रत्येकाला सांगते. पण ते तिच्याकडे येतात ते विकत घेऊन झाल्यावर.

तिने मुठी मांडल्या. एक लाकडाची, तळव्यात भरणारी. एक जाड मऊ रबराची, बोटांसाठी खाचा असलेली. ती धक्का पिते, पण खिशात लपत नाही. व्हर्लिन एकेक हातात घेऊन डोळे मिटून अजमावू लागला.

"हात माझा आहे," त्याच्याबरोबर आलेली ओनेटा खुर्चीतून म्हणाली. "माप तुझं कसलं घेतोस?"

"चाळीस वर्षं धरलाय तो. माप पाठ आहे मला."

ग्लेंडाने जाड मूठ बसवली, सरावाच्या खोट्या गोळ्या भरल्या आणि रिव्हॉल्व्हर ओनेटाच्या हातात दिलं. तिच्या बोटांची पेरं सुजलेली होती, अंगठा आत वळलेला. भिंतीशी रचलेल्या वाळूच्या पोत्यांवर नेम धरून तिने चाप ओढला. तो अर्ध्यावर येऊन थांबला. दोन्ही हातांची बोटं लावली तरी थांबला. लाकडाची मूठ लावून पाहिली, तिथेच थांबला. व्हर्लिनने पुन्हा जाड मूठ लावायला सांगितली, मग पुन्हा लाकडाची.

ग्लेंडाने समजावून पाहिलं. मुठीने धक्का कमी होतो, चाप हलका होत नाही. आतली स्प्रिंग नरम करता येते, पण मग एखादी गोळी उडत नाही.

"कुठली उडणार नाही ते आधी कळतं का?"

"नाही."

"मग राहू दे."

त्याला खोकल्याची उबळ आली. टाकी ओढत तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. काचेतून त्याची हलणारी पाठ दिसत होती.

ओनेटा उठून काउंटरशी आली. हलक्या आवाजात तिने सांगितलं, की दूर डेटन शहरात तिच्या बहिणीने तिच्यासाठी खोली तयार ठेवली आहे. हा गेला की ती घर विकून तिकडे जाणार. त्याला हे ठाऊक नाही आणि कळायलाही नको. ते घर त्याने खाणीतली पाळी संपवून आल्यावर, एकेक फळी ठोकत स्वतः बांधलं होतं.

"तुला वाटेल ती लाव," ती म्हणाली. "मला ती धरायचीच नाही. त्याला झोप लागली म्हणजे झालं. रात्रभर उठून कड्या बघत फिरतो."

"आणि त्याने मला विचारलं तर?"

"विचारणारच. म्हणून तर सांगतेय."

व्हर्लिन परत आला तेव्हा त्याचे ओठ निळसर पडले होते. त्याने लाकडाची मूठ लावलेलं रिव्हॉल्व्हर उचललं, मुठीवरून अंगठा फिरवला.

"ही चालेल ना हिच्या हाताला? खरं सांग, पोरी. पुन्हा विचारायला मी असेन नसेन."

या काउंटरवरून ग्लेंडाने दारुड्यांना हाकललं होतं, फुशारक्या मारणाऱ्यांचे कान उपटले होते. जे हत्यार ज्याच्या हातून चालणार नाही, ते चालेल असं मात्र तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. वडिलांकडून दुकान घेताना त्यांनी तिला बजावलेलं तेवढंच होतं. तिने ओनेटाकडे पाहिलं. ओनेटा मान खाली घालून स्वेटरची बटणं लावत होती.

"चालेल," ग्लेंडा म्हणाली. आणि तेवढ्याने भागेना म्हणून पुढे म्हणाली, "सवय झाली की."

"मग सवय लावून दे," व्हर्लिन म्हणाला. दुकानामागे नेमबाजीची जागा होती, ती त्याला माहीत होती. त्याने तिथल्या तिथे सोमवारी दहाची वेळ ठरवून टाकली. खुर्ची टाकून आपण बाजूला बसू, म्हणाला, आणि हिने पाचही गोळ्या उडवलेल्या बघू. ओनेटाने स्वेटरचं शेवटचं बटण लावलं. ग्लेंडाने मुठीचा स्क्रू आवळला.

रविवारी चर्चमध्ये साइझमोरांविषयी कोणी काही बोललं नाही, म्हणजे व्हर्लिन अजून तग धरून होता.

सोमवारी दहाला त्यांची गाडी दुकानासमोर येऊन थांबली. चालवत ओनेटा होती. शेजारची सीट रिकामी होती. मागच्या सीटवर ऑक्सिजनची टाकी होती, नळी तिच्याभोवती गुंडाळून ठेवलेली. ग्लेंडा काउंटरमागून काचेपर्यंत आली. ओनेटा उतरली नाही. इंजिन चालू होतं, तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ती समोर बघत होती.

सव्वादहाला गाडी अजून तिथेच होती.