मल्लप्पांचे डोळे

रुद्रम्मानं फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे डोळे आमच्या मालकांचे न्हाईत."

गुरप्पा फोटोवाल्यानं चष्मा पुसला. वेळ काढायला तेवढंच हाताशी होतं.

"फोटोत थोडं इकडं तिकडं व्हतंय, अव्वा."

"इकडं तिकडं? नाक त्यांचं हाय. मिशा त्यांच्या हायत. डोळे बाईचे हायत. कुणाची बाई आणून बसविलास रं आमच्या मालकांत?"

बाई बरोबर बोलत होती. आणि हीच पंचाईत होती.

बिदरच्या वेशीबाहेर, शहागंज दरवाज्याच्या पलीकडं गुरप्पाचं दुकान. पाटी उर्दूत होती. ती त्याला स्वतःला वाचता येत नसे, पण लोक दुकान चुकत नसत, म्हणजे बरोबरच असावी. जिवंत माणूस मात्र तिथं सहसा फिरकत नसे. फोटो काढला की आयुष्य घटतं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यामुळं ज्यांचं घटायचं काही उरलेलं नाही, अशांचेच फोटो निघत. गुरप्पाची तक्रार नव्हती. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात. कपाळभर विभूती, हातात लिंग, गळ्यात झेंडूचा हार. म्हणजे गिऱ्हाईक आयतंच बसलेलं. हलत नाही, शिंकत नाही, किती वेळ लागंल म्हणून विचारत नाही.

अडचण एकच. डोळे मिटलेले असत. घरच्यांना ते उघडे हवे असत. मग गुरप्पा फोटो धुऊन वाळवायचा आणि बारीक कुंचल्यानं मिटल्या पापण्यांवर दोन डोळे काढायचा. वीस वर्षं त्यानं तसलेच डोळे काढले, पोळ्याच्या मातीच्या बैलाला काढतात तसले. सगळी मयत माणसं दचकल्यासारखी दिसत. जणू आपण गेलोय ही बातमी त्यांना फोटोतच कळली.

तीन वर्षांमागं गुरप्पा राजेश्वर गावी एका पाटलाचा फोटो काढायला गेला होता. पाऊस लागला, नाल्याला पूर आला, बैलगाडी अडकली. तो तिसऱ्या दिवशी घरी पोचला तोवर त्याच्या बायकोला, चन्नम्माला, माती दिली होती. एका रात्रीचा ताप. साऱ्या मुलखातले मेलेले लोक ज्याच्या फोटोच्या काचांवर होते, त्याच्याजवळ बायकोचा एक फोटो नव्हता. जिवंतपणी काढायला तोच भ्यायचा.

महिन्यानं तो ठाणाकुशनूरच्या एका देसायाचे डोळे काढायला बसला. हात आपोआप चालला. थांबला तेव्हा हातभर मिशांच्या वरून चन्नम्मा त्याच्याकडं बघत होती. गुरप्पाला घाम फुटला. आता जोडे खायचे, असं ठरवून तो फोटो घेऊन गेला. देसायाची चारी पोरं फोटोपुढं ढसाढसा रडली. "अप्पा बघायलेत आमच्याकडं! जित्तेपणी कधी असं बघितले न्हाईत!"

सेहेचाळिसाव्या वर्षी गुरप्पा कलावंत झाला. लांबून लांबून बोलावणी येऊ लागली. पटवारी, पैलवान, पोलीस नाक्यावरचा जमादार, सगळे चन्नम्माच्या डोळ्यांनी भिंतीवरून बघू लागले. फोटो दोन दिवसांत वाळत असे. तो पंधरा सांगायचा. दिल्यावरही कधी वाट वाकडी करून त्या घरी जायचा. "खिळा नीट हाय का बघून जावं म्हणलं," असं म्हणायचा, दिलेला चहा प्यायचा आणि जमादाराकडं डोळे भरून बघत बसायचा. लोक म्हणत, माणूस कामाला किती जपतो.

आता ही रुद्रम्मा. अडत्या मल्लप्पांची बायको. हिनं बाजारात तोंड उघडलं की एकतीस घरांतून एकतीस फोटो परत येणार. सगळीकडची चन्नम्मा त्यानं आपल्या हातानं पुसायची.

"माझ्या बायकोचे हायत," गुरप्पा म्हणाला. "गेली ती. फोटू न्हाई तिचा." त्यानं कापूस पाण्यात बुडवला. "घटकाभर बसा. पुसतो. मालकांचे काढून देतो."

कापूस फोटोपर्यंत गेला. पाण्याचा एक थेंब मल्लप्पांच्या मिशीवर पडला.

"थांब," रुद्रम्मा म्हणाली. तिनं फोटो आपल्याकडं ओढून घेतला. "कवा बघायची ती अशी?"

"दिवस बुडाल्यावर मी घरी गेलो की. उंबऱ्यात उभी ऱ्हायची आणि अशी बघायची. बोलायची न्हाई काही. लई माया व्हती, अव्वा."

रुद्रम्मानं फोटो दाराच्या उजेडाकडं धरला.

"माया असंल. पर हे डोळे मायेचे न्हाईत, बाबा. सकाळपासून ताट झाकून बसलेल्या बाईचे हायत. चाळीस वर्षं मी आशीच बसलेय. मला कामून कळणार न्हाई?"

गुरप्पाच्या हातातला कापूस ठिबकत राहिला.

"मग... पुसू?"

"पुसू नगंस." तिनं फोटो पदरात गुंडाळला. "आता त्यांना बसू दे तसं. बघू दे वाट."

ती गेली. बाहेर भर दुपार होती. फोटोला लागतं तसलं लख्ख ऊन पडलं होतं. असल्या उन्हात गुरप्पा इतक्या वर्षांत कधी घरी गेला नव्हता. त्यानं कापूस खाली ठेवला, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि जेवायला म्हणून झपाझप घराकडं निघाला.

दाराला कुलूप होतं. सकाळी त्यानंच लावलेलं.