मुखरूचं अपील

"बोला मुखरूभाऊ, अपील तुमचं आहे," साहेब दुसऱ्यांदा म्हणाले.

मोहाच्या झाडाखाली सारं गाव जमलं होतं आणि ज्याच्या तोंडाकडे पाहत जमलं होतं, तो मुखरू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा होता.

"घरी तं यांचं तोंड बंद होत नाई," त्याची बायको मनकर्णा बायांमध्ये पुटपुटली. "आजच काऊन दातखीळ बसली?"

सिंदेवाहीकडून येणारी नवी सडक नेमकी शंकरपटाच्या जागेवरून काढली होती. धान निघालं की पुस महिन्यात गाव तिथले धुरे-बांध फोडायचं, ढेकळं बसवायचं आणि बैलजोड्या धावायच्या. बाहेरच्याला वाटतं, पट म्हणजे नुसती शर्यत. पण पटाला पाहुणे येतात, रात्री नाटक रंगतं, पोरीबाळींच्या सोयरिकी तिथंच जुळतात. गुणवंतराव पाटलांचे सगळे जावई पटातलेच. पट गेला की गावाचं अख्खं वर्ष अळणी.

मुखरू तर पटातला नावाजलेला धुरकरी. जोडी हाकावी ती त्यानंच. सडकेच्या खुंट्या ठोकल्या त्या दिवशी तो आडवा पडला होता. "न्यायची तं माह्या मढ्यावरून न्या!" त्यानंच तहसिलीत हरकत घेतली. ती फेटाळली, तेव्हा चांद्याच्या मोठ्या कचेरीत अपील केलं. अपील आपल्या चालीनं चाललं, ठेकेदार आपल्या. सुनावणीला साहेब येईस्तोवर मुरूम पडला, वर रूळ फिरला आणि सडक गावाला येऊन टेकली.

शेवटी मुखरूच्या वतीनं पाटीलच बोलले, आणि छान बोलले. साहेब माणूस चांगला. त्यांनी जागा पायी फिरून पाहिली, म्हाताऱ्यांना विचारलं, आणि झाडाखाली परत येऊन निकाल सांगितला.

"अपील मंजूर. सडक जंगलाच्या कडेनं वळवू. इथला मुरूम खोदून काढायचा आणि पुसाच्या आत जमीन गावाला मोकळी करून द्यायची."

गावानं एकच गलका केला. शेजारच्या लटारूनं मुखरूला खांद्यावर घ्यायला हात घातला. ठेकेदारानं कपाळाला हात लावला. "साहेब, वर टाकायला दगड फोडून गिट्टीसुद्धा तयार ठेवली. पुढच्या आठवड्यात अंथरणार होतो!"

मुखरू पेचात पडला. बोलावं तर गावात नाक राहत नाही, न बोलावं तर उद्या कुदळी पडतात. लटारूचे हात झटकून तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"नाई जी साहेब! खोदू नका!"



"मुखऱ्या, डोस्कं फिरलं का तुयं?" पाटील ओरडले.

"पाटील, काल सांजेले माही जोडी सोडून पाह्यली मी या मुरमावर." मुखरूनं सडकेकडे हात केला. "ढेकूळ नाई, धुरा नाई, खुराले टोचाले गोटा नाई. दोन छकडे बाजूबाजूनं धावतीन एवढी रुंद. असे धावले बैलं, का मलेच रडू आलं. असा पट आपल्या बापजाद्यायनं पाह्यला नाई!"

पाटलांनी मान वळवून सडकेकडे पाहिलं. मग सगळ्या गावानंच पाहिलं. सरळ, सपाट, तांबडी सडक उन्हात पडली होती. म्हाताऱ्यांच्या मिशा हलायला लागल्या होत्या.

साहेबांना हसू आवरेना. "म्हणजे सडक हवी. मग अपील मागे घेता ना?"

"नाई जी," मुखरूनं हात जोडले. "अपील राहू द्या. फकस्त त्यातली सडक खोडा, अन् तिथं गिट्टी लिवून घ्या."