डॅम्सनची मान

आठला येणारी जनावरांची डॉक्टर साडेनऊ झाले तरी आली नव्हती. एनिड ग्विलियम तिसऱ्यांदा फाटकापर्यंत जाऊन आली. चर्चच्या उतारावरून पोस्टाची लाल गाडी तेवढी खाली आली आणि वळून निघून गेली.

तिचा थोरला भाऊ क्लेम कुरणाच्या फाटकाची कडी काढत होता, घालत होता. मंगळवारी त्यांच्या एकेचाळीस गाईंच्या मानेत क्षयाच्या चाचणीची सुई टोचली होती. आज शुक्रवार. टोचल्या जागी जिला गाठ आली असेल, ती गाय सरकारी नियमाने कापायला गेली.

"बस की जरा," क्लेम म्हणाला.

"तू बसलायस?"

काल वैरण घालताना एनिडचा हात डॅम्सनच्या मानेवरून फिरला होता. कातडीखाली अक्रोडाएवढं काहीतरी लागलं. ही गाय वासरू असताना क्लेमने तिला बाटलीने दूध पाजलं होतं. त्याला सांगायचं धाडस तिला झालं नाही.

डॉक्टर आली. मिस पर्सेल, अगदी तरुण पोरगी. उशिराबद्दल माफी मागून तिने लगेच काम सुरू केलं. एकेक गाय लोखंडी कठड्यांमधल्या अरुंद वाटेत येऊन अडकायची. डॉक्टर मानेची कातडी चिमटीत धरून मापायची आणि "सोडा" म्हणायची. क्लेम फाटक उघडायचा की गाय कुरणाकडे पळायची.

एकोणचाळिसावी डॅम्सन.

"ही दोन आठवड्यांत व्यायची आहे," एनिड म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरने मापलं. पुन्हा मापलं. मग तिसऱ्यांदा.

"वाईट वाटतं, मिस्टर ग्विलियम."

क्लेमचा हात कडीवर तसाच राहिला. "वासराचं काय?"

"दहा दिवसांच्या आत हिला न्यायला येतील. तोवर ही व्यायली तर बघू. आता हिला वेगळी ठेवा."

राहिलेल्या दोघी सुटल्या. डॉक्टर कागद लिहायला गाडीत जाऊन बसली.

एनिड डॅम्सनला कोपऱ्यातल्या गोठ्याकडे घेऊन निघाली. तिथे हिवाळ्यापासून मोडकी अवजारं पडली होती. आधी ती काढायला हवी होती. तिने दार ढकललं.

आत एकही अवजार नव्हतं. गुडघाभर ताजा पेंढा पसरलेला होता. बादली पाण्याने काठोकाठ भरलेली होती.

क्लेम मागे येऊन उभा राहिला.

"हे कधी केलंस?"

"पहाटे."

"मला सांगायचं नाही?"

"तू तरी गाठीचं कुठे सांगितलंस?"

डॅम्सन आत शिरली, जागच्या जागी दोनदा फिरली आणि उभी राहिली. एनिडने तिच्या पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसली. तिने हात काढला नाही.

"हलतंय," ती म्हणाली.

क्लेमने दाराबाहेर टेकवलेला लांब दांड्याचा काटा उचलला आणि पसरलेला पेंढा पुन्हा पसरू लागला.