वाळवीने खाल्लेलं वर्ष

"भाऊ वारले कुठे ते सांगा, राहायचे कुठे ते नको," खिडकीतल्या बाईंनी समोरच्या म्हाताऱ्याला पुन्हा समजावलं. "माणूस जिथे जातो तिथेच नोंद होते. त्या दवाखान्याच्या भागातल्या ऑफिसात विचारा. इथे जन्म काढलात तरी सापडायची नाही."

म्हातारा पुटपुटत गेला. बाई पुन्हा एकट्या.

मृत्यूच्या दाखल्यांची खिडकी कुणालाच नको असायची. शेजारी जन्माच्या खिडकीत निदान तोंड गोड होतं. इथे येणारा रडतो, नाहीतर भांडतो. बाईंनी मात्र बढती दारात आली तरी ही खुर्ची सोडली नाही.

"बाईंचा जीव या मढ्यांतच अडकलाय," शिपाई म्हणायचा. घरी वाट बघणारं कुणी नाही म्हणून ऑफिसला चिकटून बसतात, असं बाकीचे म्हणायचे. ते काही अगदी खोटं नव्हतं. संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळची कपबशी ठेवली तिथेच असायची. मग बाई रेडिओ लावायच्या, घरात कुणीतरी बोलावं म्हणून.

दोन गोष्टींत बाई भलत्या हट्टी. एक म्हणजे नोंदींची बुकं. प्रत्येक बुक कापडात बांधलेलं, कपाटात डांबरगोळ्या. आपल्या हाताखाली एका पानालाही कसर लागली नाही, हे त्या नव्या साहेबाला आल्या आल्या ऐकवायच्या. दुसरी, खिडकीतली नावाची पाटी. पदरमोड करून घेतलेली, अक्षरं ही एवढाली.

"इथे नाव कोण वाचणार, बाई? मेलेले?" शिपाई चिडवायचा.

"कोण कधी वाचेल, सांगता येतं का?" बाई म्हणायच्या.

जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर एक तरुण धापा टाकत आला. हातात फुगलेली पिशवी. ती त्याने नेमकी पाटीपुढेच ठेवली.

"आईचा मृत्यूचा दाखला हवाय. गेल्या महिन्यात वडील वारले. घर दोघांच्या नावावर होतं, त्यासाठी लागतो म्हणाले." त्याने भरलेला अर्ज आत सरकवला.

बाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"काही चुकलंय का?"

"नाही. अक्षर छान आहे." बाईंनी कागद सरळ केला. "मृत्यू याच गावात झाला?"

"वडील तसंच सांगायचे. मी तीन वर्षांचा होतो, मला काही आठवत नाही. फोटोसुद्धा नाही एक. वडिलांना बघवायचा नाही म्हणे."

"कशाने गेल्या?"

"मला बालवाडीतून आणायला निघाली होती. रस्त्यात ट्रकने उडवलं." पाठ केल्यासारखं तो घडाघडा बोलला आणि मग ओशाळून हसला. "लहानपणी हे रोज ऐकल्याशिवाय झोपायचो नाही मी. शाळेत माझ्या बाकावर एकजण होता. त्याची आई घर सोडून गेलेली. आम्ही दोघंही बिनआईचेच. पण तो आईचं नाव निघालं की थुंकायचा. मला वाटायचं, आपण नशीबवान. आपली आई आपल्याकडेच येत होती."

 कागद पसरायला जागा करावी तशी बाईंनी खिडकीतली पाटी आत ओढली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि कपाटाकडे गेल्या. तिथे पाठमोऱ्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

परत आल्या तेव्हा आवाज कोरडा होता. "त्या वर्षीचं बुक वाळवीने खाल्लंय."

दारातला शिपाई गर्रकन वळला. "वाळवी? बाई, आपल्या कपाटात..."

"तू चहा सांगून ये आधी."

तरुणाचा चेहरा पडला. "मग नोंद आढळली नाही असं लिहून देणार? नको हो. काका-काकू आधीच कुजबुजतात. म्हणतील, बघा, मेलीच नव्हती, पळून गेली होती."

"तसं नाही लिहिणार. बुक नष्ट झालं, असं लिहून देते. मग कुणाची बोलायची छाती होणार नाही. ते जोडून उशिरा नोंदणीचा अर्ज कर. सोबत तुझं प्रतिज्ञापत्र. वरून मंजुरी आली की नोंद होईल. घे, लिहून घे सगळं."

बाई कधी 'तू'वर आल्या ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याने मान खाली घालून लिहून घेतलं. बाईंनी पत्र तयार केलं, सही केली आणि शिक्का नेमका सहीवरच दाबला. शाई पसरली.

"नोंद झाल्यावर दाखला कोण देईल?"

"मीच देईन."

"उपकार झाले, मावशी. एवढी विचारपूस कुणी करत नाही हो हल्ली." त्याने पिशवी उचलली.

"घरी कोण असतं?"

"कोण असणार? मी एकटाच."

"वेळेवर जेवत जा," बाई म्हणाल्या. तो हसला, हो म्हणाला आणि गेला.

चहा घेऊन आलेल्या शिपायाने कपाट उघडून पाहिलं. ते बुक कापडात जसंच्या तसं होतं.

"एवढं खोटं कशापायी, बाई? उद्या चौकशी लागली तर?"

"चहा ठेव आणि जा," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. तो फाटकाबाहेर पडला, रस्ता ओलांडून दिसेनासा झाला. चहा निवून गेला तरी त्या तशाच बसून राहिल्या.

मग त्यांनी ड्रॉवरमधून पाटी काढली, रुमालाने पुसली आणि पुन्हा खिडकीत उभी केली. मृत व्यक्तीचं नाव म्हणून मुलाने अर्जावर लिहिलेलं नाव तिच्यावर होतं, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.